झोंबक

विद्यापीठाच्या संगीत विभागात गायन शिकवायला लागून अकरा वर्षं झाली होती, आणि एका सोमवारी सकाळी माझा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, लागला नाही. म्हणजे बेसूर लागला असं नाही. तिथे आवाजच नव्हता. तोंड उघडलं, श्वास सुटला आणि सुराच्या जागी नुसती हवा. समोर एम.ए.ची आठ मुलं बसलेली. मी खाकरले, ‘जरा सर्दी आहे’ म्हटलं आणि पेटीवर सूर देत तास ढकलला.

ती सर्दी सात आठवडे टिकली.

त्या सात आठवड्यांत मी जे जे केलं ते सगळं उलटं होतं, हे आता कळतं. दर दोन मिनिटांनी खाकरायचे. घशाला आराम म्हणून घरी कुजबुजत बोलायचे. कुजबुजण्याने घसा बहुतेकदा आणखी आवळला जातो हे तेव्हा माहीत नव्हतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सल्ला दिला, ‘खर्ज वाढवा.’ मी पहाटे तासभर खर्ज, म्हणजे अगदी खालचे सूर, लावत बसले, तोही दामटून. बोलायचा आवाजच घोगरा झाला. तरी डॉक्टरकडे गेले नाही, कारण आमच्या क्षेत्रात आवाज बिघडणं हे आजारपण समजत नाहीत, अब्रूचा प्रश्न समजतात. पाय मुरगळला तर लोक विचारपूस करतात. गाणाऱ्या बाईचा आवाज बसला की ‘तालीमच चुकीची असणार’ असं मागे बोलतात. मीही इतरांबद्दल बोललेली आहे.

शेवटी नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी माझी जीभ गॉजने धरून बाहेर ओढली, एक लांब दांडीची दुर्बीण तोंडात घातली आणि ‘ई म्हणा’ म्हणाले. जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ‘ई’ म्हणून बघा एकदा. पडद्यावर दोन पांढुरक्या पट्ट्या उघडमीट करताना दिसल्या. मी तीस वर्षं गात होते आणि माझे स्वरतंतू पहिल्यांदा बघत होते. जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीची चीजवस्तू! समोरच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना, अगदी समोरासमोर दोन बारीक उंचवटे होते. तंतू मिटायला गेले की ते उंचवटे आधी टेकायचे आणि बाकीची फट उघडीच राहायची. माझा तार षड्ज त्या फटीतून निघून जात होता.

त्या यंत्राला स्ट्रोबोस्कोप म्हणतात. तंतूंच्या कंपनापेक्षा किंचित वेगळ्या गतीने प्रकाश लुकलुकवला की डोळ्यांना ती हालचाल संथ झाल्यासारखी दिसते. डॉक्टरांनी विचारलं, ‘दिवसात किती गाता?’ मी म्हटलं, ‘चार तास तरी शिकवते.’ मग त्यांनी एक हिशोब करायला लावला, तो अजून डोक्यातून जात नाही. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर माझा सा. मध्य षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे 208 कंपनं, म्हणजे तितक्या वेळा तंतू एकमेकांवर येतात. चार तासांतला अर्धा वेळ जरी मी प्रत्यक्ष गात असेन, तरी दिवसाला पंधरा लाखांच्या आसपास टकरी झाल्या. आणि हा फक्त षड्जाचा हिशोब.

‘कापावं लागेल?’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘अशा गाठींना आधी थेरपी. आवाज वापरण्याची सवय बदलली नाही तर कापूनही परत येतात.’

सवय म्हणजे नेमकी कुठली, हे शोधायला स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी. तिने पहिले दोन दिवस मला काहीच करायला लावलं नाही, फक्त माझ्या वर्गाबद्दल विचारत राहिली. तिथेच खरं सापडलं. आमच्या वर्गात मुलं-मुली एकत्र. मुली काळी चार-पाचवाल्या, मुलगे काळी एकवाले. आता काळी एक म्हणजे माझा मध्यम, माझा म. मुलग्यांना बंदिश द्यायची तर मी माझ्या मध्यमाला षड्ज धरून गाणार. त्यांची मध्य सप्तकातली मांडणी पुरी होईपर्यंत मी माझ्या तार मध्यमाला पोचलेली. खाली एक सप्तक उतरावं तर तिथे माझा आवाजच नाही. कुठल्याही मैफिलीत मी तासन् तास अशी वर लटकून गायले नसते, पण वर्गात रोज गात होते, वर शेजारच्या खोलीतल्या तबल्यावरून ओरडून सूचनाही देत होते. गुरूसमोर एक किंवा दोन शिष्य बसतात तिथे हा पेच क्वचित पडतो. विद्यापीठात तो वेळापत्रकातच छापलेला असतो.

उपचार म्हणजे काय, तर एक साधी प्लॅस्टिकची नळी. ती ओठांत धरायची आणि तिच्यातून ‘ऊ’ लावत सूर वर-खाली फिरवायचा. कधी नळीचं टोक ग्लासातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे काढत. आकाशवाणीची ग्रेड असलेली बाई बुडबुडे काढते आहे, हे माझ्या मुलीला फार आवडलं. मला लाज वाटायची. पण त्यामागचं कारण पटलं: तोंड अरुंद केलं की हवेचा थोडा दाब मागे, तंतूंच्या वरच्या बाजूला साठतो आणि त्या आधाराने तंतू आपटण्याऐवजी हलके टेकतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ इंगो टिट्झे यांनी या नळीमागचं गणित मांडलं आहे. त्या गणितातलं मला निम्मंच समजलं. घशाला मात्र तिसऱ्या आठवड्यात समजलं.

खरा धक्का नळीने नाही, आरशाने दिला. थेरपिस्टने माझ्यासमोर आरसा ठेवला आणि गायला सांगितलं. वर जाताना मानेच्या उजव्या बाजूला एक शीर टरारून आली, हनुवटी पुढे गेली. मी थांबलेच. ही बाई मला माहीत होती. ‘संगीतरत्नाकर’ या संगीतावरच्या जुन्या ग्रंथात शार्ङ्गदेवाने गायकाचे पंचवीस दोष दिलेत. दात आवळून गाणारा संदष्ट, कावळ्यासारखा कर्कश तो काकी, गाल तुंबडीसारखे फुगवणारा तुंबकी. त्यातला एक झोंबक: गाताना ज्याच्या कपाळाच्या, चेहऱ्याच्या, मानेच्या शिरा फुगतात तो. अकरा वर्षं मी ही यादी मुलांकडून पाठ करून घेत होते. पाच मार्कांची टीप. तेराव्या शतकातल्या माणसाने माझं निदान लिहून ठेवलं होतं आणि मी त्यावर प्रश्नपत्रिका काढत होते.

तीन महिन्यांनी उंचवटे पुष्कळ बसले, पाचव्या महिन्यात तार षड्ज परत आला. आधी पाहुण्यासारखा, सकाळीच येऊन जायचा. पुढे मुक्कामाला राहिला.

आता पीएच.डी.चं. मी नेट या पात्रता परीक्षेच्या जोरावर नोकरीला लागलेली. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर डॉक्टरेट हवी, म्हणून एका घराण्याच्या बंदिशींवरचा सुरक्षित विषय मी काढून ठेवला होता. असे प्रबंध कसे होतात ते ठाऊक आहे: पहिलं प्रकरण संगीताचा इतिहास, शेवटचं मुलाखती, मध्ये स्वरलिपी. तो आराखडा मी फाडला आणि नवा विषय दिला: गायनगुरू शिकवताना आवाजाबद्दल जे शब्द वापरतात, ते ऐकून शिष्याचं शरीर नेमकं काय करतं.

आराखडा मांडला त्या बैठकीत पहिला प्रश्न आला, ‘हा विषय संगीताचा की वैद्यकाचा?’ संगीतवाल्यांना तो वैद्यकाचा वाटला. सहमार्गदर्शक म्हणून वाक् व श्रवण शास्त्रातल्या एका मॅडमना विचारलं, तर त्यांना वाटलं हा संगीताचा. या टोलवाटोलवीत आठ महिने गेले. मुलांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे म्हणून नैतिकता समिती, संमतिपत्रं, त्या संमतिपत्रांचं मराठी भाषांतर. कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्राच्या तासाला मी विशीतल्या मुलांच्या मागे बसून घाम पुसत असे. शेवटी वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने शार्ङ्गदेवाचे श्लोक चोरीचे ठरवून लाल केले, ते वेगळंच.

पण मधली वर्षं! इतकं वाचायला मला कुणी कधी दिलंच नव्हतं. प्राट नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं. त्यात आवाज टाकला की त्यातले स्वरांश, म्हणजे एका सुरात मिसळलेले बारीक सूर, पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात. रात्री घरातलं सगळं आवरलं की मी मुलांचे ‘आ’ बघत बसायची. योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने सत्तरच्या दशकात दाखवलं, की पाश्चात्त्य ऑपेराचे कसलेले गायक, विशेषतः पुरुष, स्वरयंत्राच्या लगेच वरची जागा अशी आकसतात की 3000 हर्ट्झच्या आसपास ध्वनीचा एक झोत तयार होतो. ऑर्केस्ट्राचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून तो आवाज मायक्रोफोनशिवाय पार जातो. हे वाचल्यावर मला गाणं शिकवणाऱ्या आमच्या बाईंचं ‘सुराला धार काढ’ आठवलं. धार म्हणजे जोर असं समजून मी वीस वर्षं जोर लावला होता.

‘पोटातून आवाज काढ’ हे तर आपल्याकडचं सर्वांत आवडतं वाक्य. पोटात आवाज नाही. पडदा, म्हणजे श्वासपटल, हा मुख्यतः श्वास आत घ्यायचा स्नायू. गाताना हवा बेताने सोडायचं काम बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू सांभाळतात. ‘पोटातून’ ऐकून माझ्या वर्गातली निम्मी मुलं पोट दगडासारखं कडक करत, आणि पोट आवळलं की मागोमाग गळाही आवळे. उरलेली निम्मी खरंच खोल श्वास घेऊन सुंदर गात. म्हणजे वाक्य चुकीचं म्हणावं तर तेही नाही. एकाला औषध, दुसऱ्याला विष. ‘कपाळात सूर घे’चंही तेच: कपाळात कंप जाणवतो हे खरं, पण तो सूर नीट लागल्याचा परिणाम आहे, परिणामालाच आज्ञा केली की मुलं नाकात गातात. असे शब्द मी जमवत गेले आणि प्रत्येकासाठी एकाच मुलाचं सूचनेआधीचं आणि नंतरचं ध्वनिमुद्रण केलं.

मला धीर दिला तो मान्वेल गार्सियाने. हा स्पॅनिश गायनशिक्षक, 1805 चा जन्म. 1854 साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचं स्वरयंत्र गाताना पाहिलं. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीत त्याचा निबंध सादर झाला. म्हणजे डॉक्टर ज्या तपासणीने माझा घसा बघत होते, तिची सुरुवात एका गाण्याच्या मास्तरने केली होती! आपल्याकडेही बी. आर. देवधर आणि अशोक दा. रानडे यांनी आवाजाकडे स्वतंत्र शास्त्र म्हणून पाहिलं, आणि दोघेही गाण्यातलेच. ‘संगीताचा की वैद्यकाचा’ असं पुन्हा कुणी विचारलं की मी ही नावं पुढे करायची.

मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा काढून विचारलं, ‘यातलं काहीही न शिकता आपले बुजुर्ग गायलेच ना?’ हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं, तरी तळहात गार पडले. मी रत्नाकरातली शारीराची व्याख्या सांगितली: अभ्यासाशिवायही राग व्यक्त करण्याची जी शक्ती आवाजात असते, ती शरीराबरोबरच जन्मते म्हणून ते शारीर. म्हटलं, गुरू शिष्य निवडत असे. शारीर असेल त्याला ठेवायचा, नसेल त्याला ‘बाळ, तू तबला शीक’ सांगायचा. मोडलेल्या गळ्यांचा हिशोब कुणी ठेवला नाही. मला निवडायचा अधिकार नाही. प्रवेशपरीक्षेतून पुढे आलेल्या प्रत्येकाला मला दोन वर्षांत गाता करायचं आहे, तेव्हा गळा कसा चालतो हे मला माहीत असायला हवं.

ते ‘हं’ म्हणाले. पटलं की नाही, कळलं नाही. पदवी मिळाली.

माझ्या बाई आता पंच्याऐंशीच्या. त्यांना नळीचा प्रकार करून दाखवला तर हसल्या. ‘अगं, हे आमचं मिटल्या तोंडाचं गुणगुणणंच की. आम्हाला बुवा आधी अर्धा तास तेच करायला लावायचे.’ खरं आहे, तत्त्व बरंचसं तेच. पण बुवांनी त्यानंतर दोन तास दामटलेला खर्जही लावायला लावला असणार, कारण बाईंनी तो मला लावायला लावला. ते मी बोलले नाही. पायाला हात लावून आले.

वर्गात आता मुलग्यांचा आणि मुलींचा तास वेगळा केला आहे; त्यासाठी वेळापत्रकावरून भांडावं लागलं. गळ्यात छोटा माइक असतो. मुलग्यांना मी गाऊन कमी दाखवते, जुन्या विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याकडून जास्त गाऊन घेते. कपाटात तानपुऱ्याच्या तारांशेजारी नळ्यांची पाकिटं असतात. आणि एक आरसा.

परवा पहिल्या वर्षाचा एक मुलगा यमन गात होता. तयारीचा गळा, घाईचा स्वभाव. मी त्याच्या हातात आरसा दिला.

‘काय दिसतंय?’

‘काही नाही मॅडम.’ पुन्हा गायला. ‘शीर दिसतेय. मानेवर.’

‘कुठल्या सुराला आली?’

त्याने डोळे आरशावर ठेवून षड्जापासून हळूहळू वर जाऊन पाहिलं. ‘तार गंधाराला.’

‘मग आज रिषभापर्यंतच,’ मी म्हटलं आणि तानपुरा त्याच्याकडे सरकवला.