तुम्ही विचारलंत म्हणून: पानं तीच, मग चहा गवतासारखा का लागतो?

मी रानातली पानं वेचून आणते, वाळवते आणि त्याचा चहा करते हे एकदा कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आम्ही पण केला होता हो, पानं वाळवली, उकळली, पण नुसतं गवताचं पाणी लागलं, तुम्ही त्यात टाकता काय?

काहीच टाकत नाही. खरंच. गडबड होते ती पानं तोडल्यापासून बरणीत जाईपर्यंत, आणि बहुतेक वेळा याच्यामुळे की सगळ्या पानांना आपण एकच न्याय लावतो.

काही पानांना वास आयताच असतो, म्हणजे पुदिना, तुळस वगैरे. यांच्या पानावर बारीक लव असते आणि त्यातल्या काही केसांच्या टोकाला सुगंधी तेलाच्या इवल्याशा पिशव्या असतात, म्हणून नुसता हात फिरवला तरी बोटांना वास लागतो. आता हा वास बोटांना लागला म्हणजे पानातून गेलाच ना? त्यामुळे ही पानं जेवढी कमी हाताळाल तेवढं बरं. सकाळी दव सुकलं की ऊन तापायच्या आत तोडायची, शक्यतो फुलं यायच्या आधी, आणि सावलीत वारं लागेल अशी पातळ पसरून ठेवायची. कडक उन्हात ठेवलीत तर छान कुरकुरीत होतील पण वास उडून गेलेला असेल. चुरायची पण नाहीत, अख्खीच बरणीत भरायची आणि कपात टाकताना चुरायची.

दुसरी पानं म्हणजे ज्यांना स्वतःचा असा वासच नाही. मी ब्लॅकबेरीची कोवळी पानं आणते, ती अशीच. ही नुसती सावलीत वाळवून उकळली की तुमचं ते गवताचं पाणी तयार. इथे वास आपल्याला घडवावा लागतो, आणि तो घडवायचा तर बरोब्बर उलटं वागायचं, पानाला चांगलं रगडायचं. खऱ्या चहाच्या झाडाचं पान तरी तोडल्यावर कुठे चहासारखं लागतं! ते आधी कोमेजवतात, मग वळतात, वळताना पेशी फुटतात, आतलं एन्झाइम (क्रिया घडवून आणणारं प्रथिन) आणि पॉलिफेनॉल (पानातले तुरट घटक) एकत्र येतात, हवा लागते आणि पान तपकिरी होतं, सफरचंद कापून ठेवल्यावर काळं पडतं ना, साधारण तसंच. लोक याला फर्मेंटेशन म्हणतात पण काळ्या चहात मुख्य काम ऑक्सिडेशनचंच, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनशी होणाऱ्या क्रियेचंच असतं. रशियात फायरवीड नावाच्या रानफुलाची पानं अशीच वळून इवान चाय करतात, तो दिसायलाही काळ्या चहासारखाच.

मी काय करते, पानं रात्रभर पसरून कोमेजू देते, देठ न मोडता वाकला की झालं. मग मूठ मूठ घेऊन तळहातात इतकी वळते की हात चिकट होतात. वाडग्यात दाबून भरायची, वर ओलसर कापड, आणि उबेला ठेवायचं. आता इथे घड्याळ बघायचं नाही, नाक लावायचं. सुरुवातीला ताजं गवत कापल्याचा वास येतो (पान फाटलं की झाड लगेच तो सोडतं), तासा-तासाने तो मऊ होत जातो आणि मग अचानक फळासारखा काहीतरी गोडसर वास येतो, तो आला की लगेच मंद ओव्हनमध्ये टाकून वाळवायचं. मी एकदा "सकाळी बघू" म्हणून झोपले, सकाळी आंबूस वास. सगळं कंपोस्टमध्ये.

त्याहून मोठी चूक बरणीची. पान कुरकुरीत झालं म्हणून मी भरून टाकलं, पण देठ आतून ओला होता. ताज्या पानात तीन चतुर्थांशाच्या वर पाणीच असतं, ते सगळं गेलंय की नाही हे पान सांगत नाही, देठ सांगतो, कटकन मोडला पाहिजे. दोन आठवड्यांनी झाकण उघडलं तर पांढरी बुरशी. वरवरची काढून बाकीचा वापरू असा मोह होतो, पण १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर नावाचा चारा ओलसर राहून बुरसला आणि तो खाल्लेली गुरं साध्या जखमेतून रक्त वाहून मेली. त्या झाडातल्या सुगंधी कुमारिनचं बुरशीने डायकुमारॉल, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन केलं होतं. त्याच धाग्यावरून पुढे वॉरफरिन आलं, १९४८ ला उंदराचं विष म्हणून आणि १९५४ पासून माणसांचं रक्त पातळ करायचं औषध म्हणून. प्रत्येक बुरसलेल्या पानात असंच होतं असं नाही, पण मी आता चमचाभर पण वाचवत नाही.

आणि हो, "कुठलीही पानं चालतात का?" नाही, अजिबात नाही. वास चांगला म्हणजे पान चांगलं हे तर डोक्यातून काढूनच टाका, घाणेरीचं पान चुरून बघा, मस्त उग्र वास येतो, आणि तेच खाऊन गुरांचं लिव्हर जातं. कॉम्फ्रे ही औषधी वनस्पती समजून फॉक्सग्लव्ह या विषारी झाडाची पानं चहात टाकल्याने लोकांना विषबाधा झालेली आहे, ते थेट हृदयावर जातं आणि उकळल्याने विष मरत नाही. गंमत म्हणजे कॉम्फ्रे तरी कुठे धड आहे, तेही पोटात घेतलं तर लिव्हरला वाईटच. फुलं नसताना ही दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून नुसत्या फोटोवरून अ‍ॅपने सांगितलेल्या नावावर मी पान तोडत नाही. एक झाड वर्षभर बघायचं, फूल, फळ, सगळं, मग त्याला हात लावायचा. इतकी वर्षं करून माझ्या यादीत चारच झाडं आहेत. रस्त्याच्या कडेची, फवारणी झालेली आणि कुत्र्यांच्या उंचीवरची पानं सोडून द्यायची हे वेगळं सांगायला नको.

याने वजन कमी होतं का, शुगर उतरते का, हे मला विचारू नका, मी चवीसाठी पिते. गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

करताना कपाला एक चमचा वाळलेली पानं, ताजी असतील तर दुप्पट. वासाच्या पानांना उकळायचं नाही, वरून उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं, सात-आठ मिनिटं, आणि झाकण काढल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जे थेंब असतात ना, ते कपातच झटका, वास त्यातच असतो.