नव्याकोऱ्या ब्लास्टरवर ओरखडे कशासाठी?

‘एवढं घासूनपुसून, रंगाचे हात देऊन वस्तू इतकी सुरेख केलीत, आणि आता तिच्यावर ओरखडे का पाडताय?’ माझ्या कामाच्या टेबलापाशी उभं राहिलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतो. नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, कुरिअर घेऊन येणाऱ्या मुलानंही विचारलं आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी नीट बसून लिहितो.

मी विज्ञानपटांतल्या ब्लास्टरच्या प्रतिकृती बनवतो. ब्लास्टर म्हणजे गोळीऐवजी प्रकाशाचा झोत फेकणारी, फक्त पडद्यावर असलेली बंदूक. माझ्या प्रतिकृती प्लास्टिकच्या, रेझिनच्या (म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रसायनाच्या), कुठे थोडं ॲल्युमिनियम वापरून केलेल्या असतात. त्यांतून काहीही झाडता येत नाही.

ओरखड्यांचं उत्तर 1976 सालात आहे. त्या वर्षी लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत ‘स्टार वॉर्स’ या विज्ञानपटाचं चित्रीकरण झालं. सेट सजवण्याची जबाबदारी रॉजर ख्रिश्चन यांच्याकडे होती आणि हाताशी पैसा बेताचा होता. दिग्दर्शक जॉर्ज ल्युकस यांना चकचकीत भविष्यकाळ नको होता. लोक राहून गेलेलं, वापरून मळलेलं जग त्यांना हवं होतं. मग ख्रिश्चन यांनी चित्रपटांना शस्त्रं भाड्यानं देणाऱ्या बॅप्टी या लंडनच्या कंपनीकडच्या खऱ्या, जुन्या बंदुका घेतल्या आणि त्यांवर सुटे भाग चढवले. चित्रपटाचा एक नायक हान सोलो, त्याच्या ब्लास्टरचा गाभा म्हणजे मॉझर सी-96 हे जर्मन पिस्तूल, ज्याचं उत्पादन 1896 साली सुरू झालं. त्यावर हेन्सोल्ट कंपनीची शिकारीच्या रायफलीची दुर्बीण बसवली. नळीच्या टोकाला आहे ती दुसऱ्या महायुद्धातल्या एमजी-81 या विमानातल्या जर्मन मशीनगनची ज्वालारोधक टोपी, म्हणजे गोळी सुटतानाची ज्वाला झाकणारा भाग.

पांढऱ्या चिलखतातल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांच्या हातातली बंदूक म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगन. तिच्या भोकाभोकांच्या नळीवर टी आकाराच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, वर रणगाड्यातली दुर्बीण आणि बाजूला आकडे मोजणारं एक औद्योगिक यंत्र. हीच स्टर्लिंग परवान्यानं आपल्याकडे कानपूरला बनली आणि 9 मिमी कार्बाइन 1ए1 या नावानं लष्करात आणि पोलिसांत गेली. बंदोबस्तावरच्या हवालदाराच्या खांद्याला डाव्या बाजूनं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) निघालेली कार्बाइन तुम्ही पाहिली असेल, तर ‘स्टार वॉर्स’च्या त्या परक्या आकाशगंगेतलं हत्यारही तुम्ही पाहिलेलं आहे.

आता मुद्दा असा की या बंदुका सेटवर आल्या तेव्हाच जुन्या होत्या. कोणीतरी त्या आधी वापरल्या होत्या, होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या चामडी म्यानात कोंबल्या होत्या, पाडल्या होत्या. पडद्यावर आपल्याला ते जग खरं वाटतं त्यात या झिजेचा वाटा फार मोठा आहे. झीज त्या वस्तूत मुरलेली आहे. ती वगळून मी निव्वळ आकार बनवला तर ती त्या वस्तूची प्रतिकृतीच होत नाही. म्हणून ओरखडे.

पण कुठेही पाडायचे नाहीत. या कामातला खरा अभ्यास इथेच आहे आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त प्रेम आहे.

मॉझरचं उदाहरण घेऊ. ते भरताना मागची छोटी घुंडी दोन बोटांत धरून खेचावी लागते, तेव्हा काळेपणा आधी तिथून जातो. होल्स्टरमधून आत-बाहेर होताना नळीचं टोक आणि बाजूच्या उंच कडा चामड्याला घासतात, म्हणून तिथे धातू उघडा पडतो. खाचांमध्ये मात्र बोट पोचत नाही, चामडंही पोचत नाही. तिथे मूळ काळा रंग टिकतो आणि वर तेल-धुळीचा थर बसतो. मूठ लाकडी आणि आडव्या खाचांची असते. तळव्याखालच्या खाचांचे कंगोरे बोथट होतात आणि लाकूड घामानं गडद होतं.

स्टर्लिंगची गोष्ट निराळी. तिच्यावर सुरकुत्या पडलेला काळा रंग असतो, हाताला खरखरीत लागतो. तो झिजतो तेव्हा आधी सुरकुत्यांची टोकं गुळगुळीत होतात, मग कुठे पोलाद दिसतं. सपाट काळ्या रंगावर रुपेरी रेघा ओढून हे साधत नाही.

झीज बघायला मी संग्रहालयात जाण्याची वाट पाहत नाही. एस.टी.च्या जुन्या कंडक्टरांकडचा तिकीट पंच आठवून बघा: अंगठा पडतो तिथला धातू लखलखीत, बिजागरीच्या सांध्यात काळा मळ. हाताच्या सवयीनं पडलेली प्रत्येक खूण अशी आपापल्या जागी असते. प्रत्येक ओरखड्याला मी विचारतो, तू कशामुळे पडलास? उत्तर नसेल तर तो बुजवतो.

आता कृती. छपाईचा भाग पटकन सांगतो, कारण तो यंत्र करतं. थ्रीडी प्रिंटरमधून निघालेल्या तुकड्यावर थरांच्या रेषा असतात. त्यांवर पुट्टी, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 400 पर्यंत घासणं, प्रायमर, पुन्हा 600 आणि 800 चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून. सपाट भागात कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून न घेता बोटानंच घासला की कडा गोल होतात आणि कडा गेल्या की वस्तू खेळण्यासारखी दिसू लागते. धातूचा भास निम्मा कडांवर असतो.

रंग उलट्या क्रमानं चढतो. सगळ्यात खाली ॲल्युमिनियमच्या रंगाचा लॅकर (झटपट वाळणारा चकचकीत रंग), म्हणजे ‘धातू’. तो पक्का वाळला की त्यावर केसांना मारतात तो साधा हेअरस्प्रे आणि वर पाण्यात विरघळणारा काळा ॲक्रिलिक. काळा वाळल्यावर, झीज हवी असेल तिथे ओला ब्रश फिरवायचा. पाणी झिरपून हेअरस्प्रे सुटतो आणि काळ्या रंगाच्या बारीक खपल्या निघून खालचं ॲल्युमिनियम दिसतं. रंग खरोखरच वरून उडालेला असतो, म्हणून त्या खपल्यांची कड अस्सल दिसते. मग काळा आणि गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून खाचांत सोडायचा आणि वरचा कापडानं पुसून घ्यायचा. शेवटी मॅट वॉर्निश. पेन्सिलीच्या शिशाची पूड कडांवर बोटानं चोळायची ती वॉर्निशनंतरच, कारण वॉर्निशखाली तिची धातूची चमक मरते.

ठाण्याच्या पावसाळ्यात लॅकर मारला तर हवेतला दमटपणा ओल्या रंगावर बसतो आणि काळ्यावर दुधी झाक येते. म्हणून जून ते सप्टेंबर मी घासकाम करतो आणि रंग दिवाळीच्या आसपास काढतो. मास्क साधा कापडी चालत नाही, रंगाची वाफ अडवणारा गाळणीचाच हवा. यात मी तडजोड करत नाही आणि तुम्हीही करू नका.

सगळेच ब्लास्टर एकाच तऱ्हेनं झिजवायचे नसतात. ‘ब्लेड रनर’ (1982) या विज्ञानपटाचा नायक डेकार्ड, त्याचा ब्लास्टर स्टायर-मान्लिकर रायफलीचा वरचा भाग आणि चार्टर आर्म्सचं बुलडॉग रिव्हॉल्व्हर जोडून केलेला आहे. कित्येक वर्षं आमच्यासारख्यांना तो चित्रपटातल्या धूसर चौकटींवरून ताडावा लागत होता. 2006 साली मूळ वस्तू अमेरिकेतल्या एका विज्ञानकथा संमेलनात मांडली गेली, तेव्हा कुठे बारकावे कळले. त्याची मूठ मधाच्या रंगाची, अर्धपारदर्शक. ती रंगीत रेझिनमध्ये ओतायची, बुडबुडे राहू नयेत म्हणून हवेच्या दाबाच्या भांड्यात ठेवायची आणि 2000 नंबरपर्यंत घासून पॉलिश करायची. तिथे ओरखडा पाडायला माझा हात धजत नाही, आणि पाडूही नये. उजेड आत शिरून मूठ उजळते, तेच तिचं वैशिष्ट्य आहे.

हल्ली बऱ्याच प्रतिकृतींवर सगळ्या कडांना सारखीच चंदेरी किनार दिसते. ॲल्युमिनियमच्या दुर्बिणीवर तांबडा गंजही दिसतो, जो ॲल्युमिनियमला कधी चढतच नाही. मला ते बघून वाईट वाटतं, कारण त्या माणसानंही रात्री जागवून घासलेलं असतं. मेहनत पूर्ण होती, फक्त बघणं कमी पडलं.

आणखी एक प्रश्न दबक्या आवाजात येतो: लोक घाबरत नाहीत का? घाबरतील, आणि तेही रास्तच आहे. जी वस्तू खऱ्या पिस्तुलाच्या आकाराची आहे ती रस्त्यात, रिक्षात, लोकलमध्ये कोणाला दिसता कामा नये. माझ्या घरातून ब्लास्टर बंद पेटीतच बाहेर पडतो. अमेरिकेत खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी खूण लागते, त्यामागे हेच कारण आहे. मुलांना हातात देतानाही मी आधी हे सांगतो, मग बाकीचं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर अख्ख्या ब्लास्टरपासून सुरुवात करू नका. फक्त दुर्बीण घ्या. साधी नळकांडी आहे, दोन कडी, दोन स्क्रू. 2022 साली अमेरिकेत हान सोलोचा मूळ ब्लास्टर 10 लाख 57 हजार 500 डॉलरना लिलावात गेला, त्या वेळची छायाचित्रं सापडतील. ती मोठी करून बघा आणि ब्रश हातात घेण्याआधी कागदावर लिहून काढा: हात कुठे लागतो, चामडं कुठे घासतं, मळ कुठे साचतो. ती यादी घेऊन या, रंग माझ्याकडे आहेत.