बॅरनचा वाडा आणि मुक्या भाषा

मृत्युपत्राचा विषय निघाला की घरातले आवाज आपोआप खाली येतात. मूकपटाला तेवढेही कष्ट नाहीत.

1923 साली फिनलंडमध्ये कार्ल फागेर यांनी सुओमी-फिल्मी या चित्रपट कंपनीसाठी ‘राउताक्यूलॅन वान्हा पारोनी’ हा मूकपट केला. म्हणजे राउताक्यूलॅचा म्हातारा बॅरन, तिथला एक उमराव. कथा साकरियास टोपेलिउस यांची, मूळ स्वीडिशमधली. मला मात्र त्या म्हाताऱ्यापेक्षा अशा घरांचंच कुतूहल जास्त. तिथल्या बड्या वाड्यांत मालक मंडळी बहुधा स्वीडिश बोलत, गडी आणि स्वयंपाकिणी फिनिश. स्वीडिश निदान मराठीच्या दूरच्या नात्यातली तरी आहे; फिनिशचं कूळच निराळं.

पडद्यावर ही दरी गायब होते. बॅरनचेही ओठ हलतात, मोलकरणीचेही, आणि ऐकू कुणाचंच येत नाही. मग संवाद लिहिलेली पाटी येते. त्या काळी फिनलंडमध्ये पाट्यांवर सहसा दोन्ही भाषा असत, एकाखाली एक. जेवणघरात कधी एका टेबलाशी न बसलेल्या दोन भाषा तिथे शेजारी नांदत. किल्ल्यांचा जुडगा, लाखेची मोहर, कुणाची तिरकी नजर एवढ्या भांडवलावर मूकपट आख्खी इस्टेट उभी करू शकतो.

तिथल्या उमरावांचा किताब साधारणपणे सगळ्याच मुलांकडे जायचा. बॅरनची चार मुलं म्हणजे चार बॅरन. वाडा मात्र एकच! भांडणाची सोय पूर्वजांनीच करून ठेवलेली. पुढे 1919च्या राज्यघटनेने नवे किताब देणं बंद केलं, जुन्यांचे राहिले.

खरी वाटणी बाहेर चालली होती. तिथले ‘तोरप्पारी’ म्हणजे कुळंच. खंड बऱ्याचदा पैशात नाही, मालकाच्या शेतावर राबून फेडायचा. 1918 साली देशात यादवी झाली आणि त्याच वर्षी कुळांना कसत असलेली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. 1922 मध्ये क्यूओस्ती काल्लिओ यांचा कायदा आला. ते स्वतः शेतकरी, पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. या कायद्याने भूमिहीनांसाठी मोठ्या जमीनदारांची जमीन, मोबदला देऊन का होईना, सक्तीनेही घेता येऊ लागली. तेव्हा थिएटरात एखादा असाही बसला असेल, ज्याच्या नावावर वाड्यालगतचा तुकडा नुकताच चढलाय. पडद्यावरच्या वारसांची धाकधूक त्याला किती लागली असेल, शंकाच आहे.

1931 मध्ये फिनलंडचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट आला. नाव ‘सानो से सुओमेक्सी’, म्हणजे फिनिशमध्ये सांग. आमच्या बॅरनसाहेबांना ते झेपलं असतं का? घोडे जुंप, लाकडं आण, दार लाव, इतपत फिनिश त्यांना येत असावी. मृत्युपत्र लिहिण्याइतकी नसावी.