गिटार कुठे गेली?

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘किड ए’ अल्बमचं पहिलं गाणं आज हेडफोनवर ऐकून संपलं आणि एकदम खटकलं. अरे, यात गिटारच नाही!

रेडिओहेड म्हणजे तीन-तीन गिटारवाल्यांचा बँड. १९९७ चा ‘ओके कम्प्युटर’ अल्बम गाजला, मग जगभर दौरे. गायक थॉम यॉर्क इतका पिचला की लिहिणंच अडलं, गिटारचाही वीट आला. पॅरिस, कोपनहेगन करत ‘किड ए’चं रेकॉर्डिंग रखडलं.

माझं मन मात्र बँडमधल्या गिटारवाल्या एड ओब्रायनपाशी अडकलंय. आयुष्यभर गिटार वाजवलेला माणूस, आणि गाण्याला ती नकोच! तो स्टुडिओतली रोजनिशी इंटरनेटवर लिहीत राहिला. (मी तर भांडून निघून गेलो असतो.)

२००० साली अल्बम आला, एकही सिंगल (म्हणजे सुटं गाणं) न काढता अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

एडच्या जागी तुम्ही थांबला असतात का? खरं सांगा.