‘छान’ म्हणण्याआधीची पाच सेकंदं

सोमवार

प्राथमिक शिक्षकांच्या कला-कार्यशाळेत सकाळचा पहिला तास भाषणात गेला की दिवस हातचा जातो. कलेचं महत्त्व सगळ्यांना मान्यच असतं. अडतं ते ‘मला चित्रकला येत नाही हो’ या वाक्यापाशी. त्यावर ‘येईल, प्रयत्न करा’ म्हणण्यात अर्थ नाही. रंग समोर ठेवावेत आणि चित्र मुळी मागूच नये. पिवळ्यापासून निळ्यापर्यंत नऊ वेगवेगळे हिरवे करा, एवढंच सांगावं. यात न जमण्यासारखं काही नाही, तरी दहा मिनिटांत टेबलं गप्प होतात.

यातही एक मेख आहे. पिवळ्यात निळा थेंबाथेंबानं घालायचा, उलट करायचं नाही. निळा रंग पिवळ्याला खाऊन टाकतो. निळ्यापासून सुरुवात केली तर हिरवा दिसेपर्यंत पिवळ्याची अर्धी बाटली संपते. जांभळ्याचं दुखणं वेगळं. लाल शेंदरी वळणाचा असेल तर कितीही मिसळा, हाती तपकिरी चिखलच येतो, कारण शेंदरीत आधीच पिवळा दडलेला असतो. जांभळ्यासाठी किरमिजी लाल लागतो. वर्गात हे झालं की मुलाला वाटतं आपलं चुकलं, आणि चूक असते बाटलीची. म्हणून शिक्षकानं हे आदल्या दिवशी स्वतः मिसळून पाहिलेलं असावं.

काळा रंग पहिल्या दिवशी कपाटातच राहू द्यावा. तो बाहेर आला की सगळे आधी बाह्यरेषा काढतात आणि मग आत रंग ‘भरतात’.

कागद: झेरॉक्सचा पंच्याहत्तर-ऐंशी जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद पाण्यानं फुगतो आणि दुसऱ्या हाताला फाटतो. निदान दीडशे जीएसएमचा हवा. तो परवडत नसेल तर साध्या कागदावर खडू, कोळसा, कातरकाम करावं, जलरंगाचा हट्ट सोडावा.

मंगळवार

आजचा विषय घड्याळ. कलेची तासिका बिघडते ती बहुतेक वेळा शेवटच्या आठ मिनिटांत. चाळीस मिनिटांचा हिशेब असा बसतो: सूचना पाच, काम बावीस, एकमेकांचं काम बघणं पाच, आवराआवर आठ. कागदावर आवराआवरीला कुणी वेळच ठेवत नाही. मग घंटा होते, बादली सांडते, पुढच्या तासाचे शिक्षक दारात उभे राहतात, आणि पुढचे दोन महिने रंगाच्या बाटल्यांना कुणी हात लावत नाही.

ही आठ मिनिटं कार्यशाळेत शिक्षकांकडून घड्याळ लावून करून घ्यावीत, ‘हे आम्हाला माहीत आहे’ म्हटलं तरी. चार जणांत दोन भांडी, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचं. बूड रुंद असावं, पाणी एक तृतीयांशच. ब्रश भांड्यात केस खाली करून उभे सोडायचे नाहीत, एका रात्रीत वाकतात ते कायमचे. नाव पेन्सिलीनं, कागदाच्या मागे, रंगाला हात लावण्याआधी. ओल्या कागदावर नाव लिहिता येत नाही आणि तीस बेवारस चित्रांचा निकाल कुणालाच लावता येत नाही. चित्रं वाळवायला जमिनीवर आडवी ठेवावीत. दोरीला टांगली की ओघळतात.

मातीकामाला मुलामागे दोन-अडीचशे ग्रॅम माती पुरते. हात-पाय वेगळे वळून चिकटवले की वाळताना गळून पडतात, कारण माती वाळताना आकसते आणि गुळगुळीत जोडाला धरायला काही नसतं. एक तर एकाच गोळ्यातून अवयव ओढून काढायला शिकवावं, नाही तर दोन्ही बाजूंना काडीनं रेघोट्या मारून मधे पातळ चिखल लावावा. नुसतं पाणी लावून भागत नाही.

बुधवार

नाट्य. शिक्षक सगळ्यात घाबरतात ते याला, आणि साहित्य सगळ्यात कमी लागतं तेही याला. स्थिरचित्रापासून सुरुवात करावी: चार-पाच जणांचा गट, तीन मिनिटं तयारी, तीन-दोन-एक म्हटलं की पाच सेकंद पुतळे. मग शिक्षक एकेकाच्या खांद्याला हलका हात लावतो आणि तो पुतळा मनातलं एक वाक्य बोलतो. तयारीला दहा मिनिटं दिली तर सात भांडणात जातात. गट सहाचा केला तर सहावा हमखास झाड होतो. (झाड व्हायला हरकत नाही, पण ते त्यानं निवडलेलं असावं.)

शिक्षकानं स्वतः भूमिकेत शिरण्याची पद्धत इंग्लंडमध्ये नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी रुजवली. या पद्धतीसाठी अभिनय यायलाच हवा असं नाही. एखादा पंचा किंवा टोपी पुरते: अंगावर असेतो भूमिका, काढली की शिक्षक. ही खूण विसरली तर लहान मुलं गोंधळतात, आपल्यावर खरंच कुणी रागावलंय की नाटकात, हे त्यांना कळत नाही.

संगीताचं एवढंच. ताल अंगावरच बसवावा: पाय, मांडी, टाळी, चुटकी. गट आधी दोनच करावेत आणि पहिल्या गटाची चार मात्रांची आवृत्ती पक्की होईपर्यंत दुसऱ्याला उठवू नये. थांबायची खूण हाताची असावी, तोंडची नाही. त्या आवाजावर ओरडणं म्हणजे आणखी आवाज. आणि गाणं आपल्या सोयीच्या खालच्या पट्टीत सुरू करू नये. मुलांचा गळा वर बसतो. खाली ओढलं की ती बेसूर होत नाहीत, नुसती पुटपुटतात.

गुरुवार

पाच दिवसांत एकच गोष्ट शिकवता येणार असेल तर मी ही निवडेन. शिक्षकाचा हात घडवत बसू नये, जीभ घडवावी. मूल कागद घेऊन समोर येतं तेव्हा तोंडातून पहिलं काय निघतं, यावर पुढचं वर्ष ठरतं.

‘छान!’नं बोलणं तिथंच संपतं. ‘हे काय आहे?’ त्याहून वाईट, कारण त्यात ‘मला ओळखू आलं नाही’ हे ऐकू जातं. पाच सेकंद कागदाकडे नुसतं बघावं आणि जे दिसतं ते बोलावं: ‘ही रेघ इथून वर गेली आणि टोकाला जाड झाली.’ बस. पुढचं मूल सांगतं. याचा सराव शिक्षकांच्या जोड्या करून, खऱ्या मुलांच्या चित्रांवर, मोठ्यानं घ्यावा. सुरुवातीला ओशाळवाणं वाटतं, तिसऱ्या चित्रापासून सुटतं.

मुलांच्या चित्राचे टप्पेही इथेच सांगावेत, भाषणात नाही. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मांडलेल्या टप्प्यांत साधारण सात ते नऊ वर्षांचं मूल कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ ओढतं आणि सगळं तिच्यावर उभं करतं. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात. जे महत्त्वाचं ते मोठं. ‘माणूस घरापेक्षा उंच कसा?’ हा प्रश्न त्या वयात चुकीचा आहे; माणूस उंच आहे कारण तो त्याचा आजोबा आहे. नऊ-दहानंतर गणित उलटतं. मूल स्वतःच खोडरबर मागतं, ‘माझं खऱ्यासारखं येत नाही’ म्हणतं. तेव्हा कौतुकाचा उपयोग नसतो, एखादी युक्ती हवी असते. पुढचं मागच्याला झाकतं, लांबचं कागदावर वर सरकतं, इतकंही पुरतं.

दुसऱ्यांची चित्रं बघण्यासाठी मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन आणि संग्रहालय-शिक्षक फिलिप येनावाइन यांच्या पद्धतीतले तीन प्रश्न अजून सरस वाटतात: या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय सापडतं? आधी मिनिटभर गप्प बघणं, मग दहा-पंधरा मिनिटं. शिक्षकानं प्रत्येक उत्तर आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि चित्रात तिथं बोट ठेवायचं. चुकतं ते एका उत्तराला ‘बरोब्बर!’ म्हटल्यानं. उरलेले हात लगेच खाली जातात.

शुक्रवार

‘विषयात कला आणली’ म्हणून येणाऱ्या नियोजनांत अजूनही जलचक्राचं तयार चित्र रंगवणंच जास्त. कसोटी सोपी आहे: कला काढून घेतली तर धड्याचं काही अडतं का? रंगवणं काढलं तर अडत नाही. तेच पाच जणांनी अंगानं बाष्पीभवन दाखवायचं ठरवलं, तर थेंब कुठं संपतो आणि वाफ कुठं सुरू होते यावर वाद घालावाच लागतो. तो वाद म्हणजेच विज्ञानाचा तास.

पुढच्या भेटीची तारीख आजच ठरवावी, दोन-तीन आठवड्यांनंतरची. शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी हेच दाखवलं होतं की कार्यशाळेतलं कौशल्य वर्गात जाऊन कुणी सोबत केल्याशिवाय तिथं फारसं उतरत नाही. वर्गातला पहिला तास प्रशिक्षकानं घ्यावा, दुसरा दोघांनी मिळून, तिसऱ्याला प्रशिक्षकानं मागच्या बाकावर बसून फक्त घड्याळ बघावं.

त्या भेटीला येताना निवडक दहा चित्रं आणू नका, वर्गाचा अख्खा गठ्ठा आणा, असं बजावायचं. गठ्ठा जमिनीवर पसरायचा. तीस घरं एकसारखी, सगळ्यांचा सूर्य उजव्या कोपऱ्यात, असं दिसलं तर विचारायचं एकच: फळ्यावर काय काढलं होतं?