ओले फडके

मोठी मुलगी रांगू लागली तेव्हा पर्यावरणपूरक घराची सुरुवात खरेदीपासूनच होते, अशी माझी पक्की समजूत होती. चांगले टिकलेले डबे आणि चादरी काढून टाकून मी त्यांच्या जागी ‘नैसर्गिक’ असा शिक्का असलेल्या वस्तू आणल्या, आणि जुन्या वस्तू शेवटी कुठे गेल्या याचा विचारही केला नाही. आता धाकटाही चार वर्षांचा झाला आहे, आणि त्या साऱ्या खरेदीपेक्षा ओले फडकेच अधिक कामी आले असे मला वाटते.

रांगणारे मूल जमिनीलगतची हवा घेते, वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त घेते, आणि जमिनीवर टेकलेला हात क्षणात तोंडात घालते. भिंतीवरच्या किंवा खिडकीच्या चौकटीवरच्या जुन्या रंगात शिसे असेल, तर त्याचे कण घरातल्या धुळीत मिसळतात, आणि मुलांच्या शरीरात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. कोरड्या झाडूने ही धूळ उडते व पुन्हा खाली बसते. ओल्या फडक्याने ती निघून जाते. खिडकीच्या कडा तर मी आजही बोट फिरवून तपासते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या बाटल्यांतील बिस्फेनॉल-ए (बीपीए) या रसायनावर बंदी घातली, त्यामुळे ‘बीपीए-मुक्त’ हा शब्द वाचून मी निश्चिंत झाले होते. मात्र २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की पॉलिप्रॉपिलीन या बीपीए नसलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी घालून ती हलवली की प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोठ्या संख्येने सुटतात. तेव्हापासून दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तयार करायचे आणि निवल्यावरच बाटलीत ओतायचे, असे ठरले.

कापडी लंगोटांनी माझा अहंकार बराच उतरवला. ब्रिटनमधील २००८ च्या एका सरकारी अभ्यासानुसार, एका मुलाच्या अडीच वर्षांच्या वापराचा कार्बन भार (म्हणजे हवामान तापवणाऱ्या वायूंचे प्रमाण) फेकून द्यायच्या डायपरसाठी सुमारे ५५० किलो, तर सर्वसाधारण पद्धतीने धुतलेल्या कापडी लंगोटांसाठी सुमारे ५७० किलो होता. कापडाचा फायदा दिसतो तो यंत्र पूर्ण भरून धुतल्यावर, दोरीवर वाळवल्यावर आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरल्यावर. मी थोडेथोडे, कडकडीत पाण्यात धूत होते. (व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून केलेले माझे घरगुती क्लीनरही तसेच, फेस आला की मुले टाळ्या वाजवत, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात, आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये पडले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.)

या सगळ्यात माझा आवाज मात्र चढलेलाच असे: दिवा कोणी चालू ठेवला, कागद कोणी फाडला. एकदा मुलीच्या बुटात काहीतरी टोचत होते म्हणून पाहिले, तर कुणीतरी दिलेल्या खाऊचे वेष्टन आठ घड्या घालून टाचेखाली दाबून ठेवलेले होते. ‘आई, तू रागावशील म्हणून,’ ती म्हणाली. आम्ही ते वेष्टन उलगडले, पुसले आणि दोघींनी मिळून सुक्या कचऱ्यात टाकले.