आमची वाटचाल : आधी आवाज, मग चित्र

रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांना संगणक, प्रिंटर आणि टोनर पुरवणारं आमचं छोटं दुकान. काउंटरवर ते काम आजही चालतं, पण आता बिलांतला मोठा वाटा वेगळ्याच कामाचा आहे. एका शाळेत शिकवणारा शिक्षक त्याच वेळी दुसऱ्या शाळेच्या वर्गात दिसेल आणि ऐकू येईल, अशी जोडणी आम्ही करून देतो. कोकणात याची गरज का पडते, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पट कमी, वाड्या लांबलांब, संस्थेच्या शाळा दोन आणि विज्ञानाचे सर एकच.

हे तंत्र नवं नाही. २० सप्टेंबर २००४ ला श्रीहरिकोट्याहून एज्युसॅट उपग्रह सुटला तो शिक्षणासाठीच. त्याआधीही आयएसडीएनच्या, म्हणजे जुन्या डिजिटल टेलिफोनच्या, तीन लाइनी एकत्र करून ३८४ केबीपीएसवर चित्र पाठवता येत असे. पण त्या यंत्रणा मोठ्या कंत्राटांतून यायच्या. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला त्यात काही करण्यासारखं नव्हतं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, शिकवणं मोबाइलवर गेलं आणि व्हिडिओ कॉल घरोघरी माहीत झाला. पुढे शाळा भरल्या तेव्हा प्रश्न बदलला. एका मुलाच्या कानाशी असलेला फोन वेगळा आणि चाळीस मुलांनी भरलेली खोली वेगळी. आमचं आजचं काम या फरकातून उभं राहिलं.

पैसे बहुतेकदा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडून किंवा माजी विद्यार्थ्यांकडून येतात आणि मागणी असते ‘मोठ्यात मोठा पॅनल बसवा’ अशी. पॅनल म्हणजे भिंतीवरचा टीव्हीसारखा मोठा पडदा. साहजिक आहे. देणगीदाराच्या नावाची पाटी पॅनलवर लागते, माइकवर लागत नाही. तरी आमच्या कोटेशनमध्ये पॅनलची रक्कम एकूण खर्चाच्या निम्म्याच्या आत ठेवण्याचा आमचा आग्रह असतो. चित्र अडखळलं तरी तास चालू राहतो. आवाज तुटला की पाच मिनिटांत मुलं गोंधळ घालायला लागतात.

नेहमीची वर्गखोली २५ फूट लांब, २० फूट रुंद, ११ फूट उंच. गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब. अशा रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर आवाज दोन-अडीच सेकंद घुमत राहतो. बोलणं स्पष्ट कळायला तो साधारण ०.६ सेकंदात विरायला हवा. कौलारू खोली त्या मानाने बरी, कारण फटींतून आवाज बाहेर निघून जातो. पत्र्याची खोली पावसाळ्यात या कामासाठी घेऊच नये. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो पत्र्यावर कोसळत असताना कुठल्याही किमतीचा माइक हात टेकतो.

स्लॅबच्या खोलीत मागची भिंत आणि बाजूच्या भिंतींचा वरचा भाग मिळून शंभर-सव्वाशे चौरस फूट पॉलिस्टर फेल्टचे बोर्ड लावले की भरलेल्या वर्गात घुमणं एका सेकंदाच्या आसपास येतं. मुलंही आवाज शोषतात, म्हणून चाचणी मुलं बसलेली असताना घ्यावी. बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये दोन इंच पोकळी ठेवली तर जाड, खालच्या पट्टीतला आवाजही बऱ्यापैकी शोषला जातो. वर सुती कापड किंवा गोणपाट ताणू नये. इथल्या दमटपणात पहिल्याच पावसाळ्यात बुरशी धरते. अंड्यांचे ट्रे तर मुळीच नकोत. ते आवाज जेमतेम शोषतात आणि पेट मात्र चटकन घेतात.

माइकच्या खोक्यावर ‘पाच मीटरपर्यंत आवाज पकडतो’ असं छापलेलं असतं. ते गालिचा आणि पडदे असलेल्या ऑफिसात खरं ठरेल. घुमणाऱ्या वर्गात दीड-दोन फुटांपलीकडे गेलं की चौफेर ऐकणाऱ्या माइकला माणसाच्या थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाज जास्त मिळायला लागतो. म्हणून शिक्षकाला कॉलर माइक, तोही हनुवटीपासून वीतभर अंतरावर. साडीच्या पदराखाली किंवा ओळखपत्राच्या फितीमागे गेला की खरखर सुरू. मुलांसाठी छतावरून चार माइक सोडण्यापेक्षा एक हातातला कॉर्डलेस माइक बाकांवरून फिरवणं आम्हाला पसंत आहे. छतावरचे माइक पंख्याच्या वाऱ्यात लटकतात आणि दिवसभर पंखाच ऐकवतात. पंखा घरघरत असेल तर आधी त्याचं बेअरिंग बदलून घ्यावं. त्या किरकोळ खर्चात जितका फायदा होतो तितका महागड्या माइकनेही होत नाही. कॉर्डलेस माइक २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर वर्गातलं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवावं, नाहीतर दोघं एकमेकांच्या वाटेत येतात.

प्रतिध्वनीबद्दलचा गैरसमज आम्हाला प्रत्येक शाळेत दूर करावा लागतो. स्वतःचाच आवाज परत ऐकू आला की लोक आपल्याकडचं यंत्र तपासतात. दोष समोरच्या खोलीत असतो, कारण तिथल्या स्पीकरचा आवाज तिथल्याच माइकमध्ये शिरून परत आलेला असतो. कोण ते शोधायला एकेका शाळेला माइक बंद करायला सांगावं. ज्याचा माइक बंद केल्यावर प्रतिध्वनी थांबतो, बिघाड त्याच्याकडे. प्रतिध्वनी कापण्याचं काम साखळीत एकाच ठिकाणी व्हायला हवं, एकतर स्पीकरफोनमध्ये (माइक आणि स्पीकर एकत्र असलेल्या यंत्रात) किंवा संगणकातल्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हीकडे चालू ठेवलं तर शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात. स्पीकर ब्लूटूथचा नको; त्यात आवाज उशिरा पोचतो आणि ही कापणी चुकते. एकाच खोलीतून दोन लॅपटॉप किंवा एखादा मोबाइल त्याच बैठकीत शिरला की शिट्टी वाजणार, हे ठरलेलं.

आता वीज. जुन्या शाळांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे अर्थिंगची, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी, तारच नसते. मल्टिमीटरने तीन मापं घ्यायची : फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ मध्येच सव्वाशेच्या आसपास रेंगाळत असेल तर अर्थिंग नाही असं समजावं. अशा जागी संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, कारण आतल्या फिल्टरचे कपॅसिटर (विजेतली खरखर गाळणारे छोटे भाग) बाहेरच्या पत्र्यावर अर्धा व्होल्टेज आणून ठेवतात. चालू पॅनलला चालू लॅपटॉप जोडताना एचडीएमआयचं पोर्ट (चित्राची केबल जोडायची खाच) उडतं ते याचमुळे. दुकानदार केबलला दोष देतो, केबल बिचारी चांगली असते.

जांभ्या दगडाच्या जमिनीत चांगलं अर्थिंग मिळवणं कष्टाचं काम. आठ-दहा फुटांचा रॉड, भोवती केमिकल भराव आणि जागा शक्यतो हात धुण्याच्या नळाजवळ, जिथे जमीन ओली राहते. माप पाच ओहमच्या आत यावं आणि ते मे महिन्यात घ्यावं. पावसाळ्यात सगळ्याच खड्ड्यांची मापं छान येतात. अर्थिंग कोटेशनमध्ये आम्ही वेगळी बाब म्हणून लिहितो. ती वगळा म्हटलं तर पॅनल बसवत नाही.

७५ इंची पॅनल दोनशे वॉटच्या आसपास, छोटा संगणक ४०, ॲम्प्लिफायर ४०, कॅमेरा १५, राउटर आणि फायबरचं (इंटरनेटच्या काचतंतूच्या लाइनीचं) यंत्र मिळून २० : एकूण तीनशेच्या थोडं वर. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी आणि साइनवेव्ह (घरच्या लाइनीसारखी सलग वीज देणारा) इन्व्हर्टर असेल तर तीन तास निघतात, पण त्याच इन्व्हर्टरवर कोणी चार पंखे जोडले नाहीत तरच. स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकर गुणगुणतो. राउटरला १२ व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस द्यावा. लाइट क्षणभर जरी गेली तरी फायबरचं यंत्र पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं खातं आणि तेवढ्यात वर्ग तुटतो. वळवाच्या आणि ऑक्टोबरच्या विजांत प्लगबरोबर नेटवर्कची तारही काढायची. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकण्याऐवजी फायबर टाकावी, म्हणजे वीज त्या वाटेने येत नाही. नदीकाठच्या गावांत यूपीएस जमिनीवर ठेवत नाही. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

पडद्याचा आकार शेवटच्या बाकावरून ठरतो. फळ्यावरची अक्षरं वाचायची तर शेवटचं मूल चित्राच्या उंचीच्या सहापटीच्या आत बसलेलं असावं. ६५ इंची पॅनलची उंची ३२ इंच, म्हणजे १६ फूट. ७५ इंचीला साडेअठरा, ८६ इंचीला २१. खोली २५ फुटांची असेल आणि ७५ इंचीच परवडत असेल तर शेवटची रांग पुढे सरकवावी, ते फुकट होतं. ७५ इंची पॅनल ब्रॅकेटसह पन्नास-साठ किलोंपर्यंत जातो. चिऱ्यात साधी गिट्टी धरत नाही, भुसा होऊन निघते. आम्ही भिंतीतून आरपार १० मिलिमीटरचे बोल्ट घेतो आणि पलीकडून लोखंडी पट्टी देतो.

दूरच्या शिक्षकाला मुलं दिसायला हवीत, म्हणून एक कॅमेरा पॅनललगत, वर्गाकडे तोंड करून. साध्या ७८ अंशांच्या वेबकॅमला दहा फुटांवर चौदा फूट रुंदी दिसते, कडेचे बाक सुटतात. शिक्षकासाठीचा कॅमेरा मागच्या भिंतीवर, दहा-बारा पट ऑप्टिकल झूम (भिंगाने चित्र जवळ आणणं) असलेला. पांढरा बोर्ड चौकटीत आला की कॅमेरा उजेड आपोआप कमी करतो आणि शिक्षकाचा चेहरा काळा पडतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, हाताने बांधून टाकावं. दिव्यांची लुकलुक टाळणारी फ्लिकरची सेटिंग ५० हर्ट्झवर. कॅमेऱ्याच्या समोर येणाऱ्या खिडकीला जाड पडदा.

मागच्या कॅमेऱ्याची यूएसबी केबल हमखास नडते. साधी यूएसबी-२ पाच मीटरपर्यंतच खात्रीची, यूएसबी-३ तीनपर्यंत. भिंतीच्या कडेने जाताना खोलीत बारा-पंधरा मीटर सहज लागतात. तेव्हा कॅट-६ (नेटवर्कची केबल) वरचा एक्स्टेंडर, म्हणजे लांबी वाढवणारं यंत्र, किंवा थेट नेटवर्कवर चालणारा कॅमेरा. केबल उघड्या पट्टीत नको, २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपात, तोंडं बंद करून. उंदीर दिवाळीच्या सुट्टीची वाटच बघत असतात. पाइपात एक नायलॉनची दोरी सोडून ठेवावी, पुढची केबल तिनेच ओढता येते.

इंटरनेटचा जाहिरातीतला वेग हा खाली येणारा असतो. वर्गाला वर जाणारा लागतो. ७२०पी चित्राला अडीच ते तीन एमबीपीएस पुरतात. पण ते अखंड हवेत. शाळेच्या वेळेत दोनशे पिंग (लाइन तपासणारे छोटे संदेश) पाठवून किती गळतात ते बघावं; दोन-तीन टक्क्यांच्या वर गळत असतील तर वेग कितीही असो, आवाज तुटणार. मोबाइल डेटावर अडीच एमबीपीएसने ४५ मिनिटांत एका दिशेला साडेआठशे एमबी जातात. येणारं आणि जाणारं धरून रोजचा दीड जीबी एका तासात संपतो. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांची, शाळेचा तास ३५चा; जोडणीत दहा मिनिटं गेली की गणित अर्ध्यावर राहतं. शाळेने गुगलचं मोफत शैक्षणिक खातं घ्यावं हे बरं.

अलीकडे विचारणा येते ती आठ-दहा पटाच्या वाडीवरच्या शाळांकडून. त्यांना वरचं काहीच लागत नाही. मुलं एका टेबलाभोवती अर्धगोलात बसवायची, मध्ये यूएसबी स्पीकरफोन, म्हणजे प्रत्येक तोंड माइकपासून तीन फुटांच्या आत येतं. या अंतरावर खोलीचं घुमणं थोडं ऐकू जातं, पण शब्द कळतात. समोर ४३ इंची टीव्ही, तो दहा फुटांपर्यंत वाचता येतो. त्याच्या खाली मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला वेबकॅम. सगळं मिळून दीडशे वॉटच्या आत, भिंतीत एकही आरपार भोक नाही. अर्थिंग मात्र इथेही तपासूनच.